नाच बसवायचा की खेळवायचा? तीन ते सहा वर्षांच्या लेकरांना शिकवताना

गावात लहान लेकरांना नाच शिकवायचं मनात घेतलं की आधी एक गोष्ट ठरवावी लागते. एखादं गाणं निवडून त्यावर नाच बसवायचा, की ठेका धरून लेकरांना नाच खेळू द्यायचा? अंगणवाडीच्या वयाच्या पोरांसाठी मी दुसऱ्या बाजूची आहे. तरी पहिलीचं म्हणणं आधी नीट ऐकून घ्या.

आपल्या विदर्भातल्या खेड्यांत बसवलेलाच नाच जास्त चालतो. २६ जानेवारी, शाळेचं स्नेहसंमेलन, शारदा-दुर्गेच्या मंडपातला कार्यक्रम, सगळ्यांची तारीख ठरलेली असते. आईबाप समोर बसतात, फोटो निघतो, दिलेल्या फीचं काहीतरी डोळ्यांना दिसतं. गावात क्लास टिकवायचा असेल तर हे लहानसं कारण नाही. सात-आठ वर्षांच्या पोरापोरींना तर बसवलेला नाच आवडतोही, त्या घरी जाऊन लहान बहिणीला शिकवतात.

तीन-चार वर्षांच्या लेकराचं मात्र अंगच अजून तयार होत असतं. दोन्ही पायांनी उडी साधारण तिसऱ्या वर्षी जमते, लंगडी चौथ्याच्या आसपास, आणि पाय आलटूनपालटून उडत जाणं पाचव्या-सहाव्या वर्षी. डावं-उजवं पक्कं व्हायला पहिली-दुसरी उजाडते. अशा लेकराला स्पीकरवरच्या रिमिक्स गाण्यासमोर उभं केलं की ते गाणं ऐकतच नाही, शेजारच्या पोरीकडे पाहतं. हात वर न्यायचा तोवर तिचा हात खाली आलेला असतो. गाणं काही त्याच्यासाठी थांबत नाही. दोन-चार तालमींनी ते मागच्या ओळीत जातं आणि एक दिवस दारातच आईचा पदर धरून म्हणतं, "मले नाई नाचाचं." मोठ्यांच्या गाण्यांतले हावभाव इतक्या लहान पोरींकडून करून घेतात, ते तर मला बघवत नाही. ते कोणत्याही पद्धतीत नको.

खेळत्या नाचाला स्पीकर लागत नाही, त्यामुळे वीज गेली तरी अडत नाही. खंजिरी पुरे. तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे आपल्याकडे ती कुणाच्या ना कुणाच्या घरी असतेच, भजनी मंडळाकडे मागितली तर मिळते. तिचा मोठा गुण असा, की ती लेकराच्या पायाकडे पाहून वाजवता येते. पोरं दमली, ठेका संथ केला. पोरं उधळली, एकदम थांबवला. खंजिरी थांबली की जिथे आहात तिथे पुतळा, एवढाच नियम. पहिल्या दिवशी निम्मी पोरं धावतच राहतात. पुढे पुढे खंजिरी थांबायच्या आधीच कान टवकारतात, आणि माझ्या मते नाचाचं शिक्षण तिथे सुरू होतं.

विषय गावातच आहेत. पोळ्याचा बैल होऊन जड पावलं टाकायची, मान हलवायची. कापूस वेचताना हात खाली, मग वर, मग कमरेच्या ओटीत. झड लागली की बोटं जमिनीवर टपटप. सगळं गोलात करायचं, म्हणजे मागची ओळच राहत नाही. भुलाबाईची गाणी तर या वयाला फार छान बसतात: संथ चाल, तीच ओळ पुन्हा पुन्हा, आणि शेवटी खाऊ ओळखायची ओढ. टिपऱ्या मात्र पाच वर्षांपुढेच द्या, त्याआधी टाळ्या. नाहीतर कुणाच्या तरी डोळ्याला लागेल.

या पद्धतीत शिकवणाऱ्याचा जीव जास्त जातो. गाणं लावून बाजूला बसता येत नाही. एकटीने दहा-बारापेक्षा जास्त लेकरं सांभाळू नका. आणि आईबाप म्हणतीलच, "उड्या तर हा घरीबी मारते." तेव्हा वाद घालू नका, त्यांना गोलात बसवा आणि पुतळ्याचा खेळ दाखवा.

मोबाईलवर व्हिडिओ लावून नाचवणं हा तिसरा मार्ग सोपा वाटतो, पण तिथे लेकराकडे बघणारं कुणी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीत तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल आणि बसून पडदा बघणं फार तर एक तास, असं आहे.

जिल्ह्याच्या गावी भरतनाट्यम किंवा कथक लावायचं मनात असेल तर सात वर्षांपर्यंत थांबा. गुडघे बाहेर वळवून अर्ध्या बैठकीत टिकून राहायचं, तत्काराची तीच पावलं घोटायची, याला धीर लागतो. शिवाय येण्याजाण्याच्या एसटीतच लहान लेकरू थकतं.

वेळेचं सांगायचं तर वीस-पंचवीस मिनिटं बस झाली. होळीनंतर सकाळी आठच्या आतच घ्या. आपलं ऊन आणि तापलेली फरशी लेकरांच्या पायाला सोसत नाही.

आणि कार्यक्रम पंधरा दिवसांवर आला, सरपंचांनी नाव मागितलं, तर नवं गाणं घेऊ नका. लेकरांना येतात ते तीन खेळ एकामागे एक लावा: बैल, कापूस, झड. दोन-अडीच मिनिटं भरतात. तुम्ही खंजिरी घेऊन त्यांच्यासोबत मंचावरच बसा, पोरांकडे तोंड करून. कुणी मध्येच रडलं तर मांडीवर घ्या आणि ठेका चालू ठेवा.