एए मीटिंग : आठ-नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

मिक्सरपासून मोटारीपर्यंत सगळ्याचे रिव्ह्यू मिळतात, पण मला हवा होता तेव्हा याचा मिळाला नाही, म्हणून लिहितोय. दारू सोडण्यासाठी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या मीटिंगला जायला लागून आठ-नऊ महिने झाले. नाव सांगणार नाही, तिथला रिवाजच तसा आहे. ठाणे-कल्याण पट्ट्यात राहतो, एवढं पुरे.

आधी मीटिंग शोधण्याबद्दल. नेटवर सापडलेल्या जुन्या यादीवर विसंबू नका. मी तसाच गेलो तर शाळेला कुलूप. वॉचमनने भर रस्त्यात ओरडून सांगितलं, "ते दारूवाले ना? ते आता पलीकडच्या शाळेत बसतात!" त्यामुळे आधी फोन करा आणि वार, वेळ, भाषा विचारून घ्या. मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड, हेही विचारा. ओपनला घरचं माणूस सोबत नेता येतं, क्लोज्डला फक्त पिणाऱ्यांनाच, म्हणजे पिणं सोडायची इच्छा असणाऱ्यांनाच, प्रवेश असतो.

फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड कोणी मागत नाही. शेवटी एक पिशवी फिरते, त्यात दहा-वीस टाका, नसतील तर पुढे सरकवा. बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत. खोलीचं भाडं, चहा, पुस्तकं सगळं त्या पिशवीतून.

आमची मीटिंग शाळेच्या वर्गात भरते. भिंतीवर बाराखडीचा तक्ता, बाक तिसरीतल्या पोरांच्या मापाचे, गुडघे कुठे ठेवायचे हाच पहिला प्रश्न. सुरुवातीला थोडं वाचन होतं, मग एकेक जण स्वतःबद्दल बोलतो. मध्ये कोणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. पहिल्या दिवशी एक रिक्षावाले काका क्वार्टर कुठे लपवायचे ते सांगत होते : माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या खोक्यात. "वर्षभर कोण उघडतंय?" सगळा वर्ग हसला, मीही हसलो, कारण माझी जागा फ्लशची टाकी होती. पहिला फायदा हाच : घरी बायकोसमोर, ऑफिसात साहेबासमोर ज्या थापा खपून जायच्या, त्या इथे पहिल्या वाक्याला पकडल्या जातात. समोरच्या प्रत्येकाने त्याच मारलेल्या असतात. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पक्के पिणारे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे सगळं सुरू झालं. आजही आत चालतं ते तेवढंच.

दुसरा फायदा वेळेचा, आणि माझ्या मते तोच मोठा. मीटिंग संध्याकाळी सात ते साडेआठ. स्टेशनवरून उतरल्यावर पाय बारकडे वळायचे ती नेमकी हीच वेळ. सुटल्यावर टपरीवर कटिंग घेत अर्धा तास जातो. खरं सांगायचं तर निम्मं काम त्या टपरीवरच होतं. वर्गात बोलायला लाजणारा तिथे बोलतो, फोन नंबर मिळतात. थर्टी फर्स्टला आमच्या ग्रुपने जादा मीटिंग ठेवली होती, तसं गटारीलाही करतात म्हणे.

आता खटकलेलं. तेच ते किस्से दर मंगळवारी ऐकावे लागतात. काही जुने मेंबर बोलायला उठले की भाषणच ठोकतात. देवाचा उल्लेख बराच येतो. मी काही देवभोळा नाही, पण 'आपल्याला समजलेला ईश्वर' अशी सवलत त्यांच्या बारा पायऱ्यांतच, म्हणजे दारू सोडण्याच्या एएच्या कार्यक्रमातच, आहे, त्यामुळे मी ग्रुपलाच देव मानून टाकलं. कोणी हरकत घेतली नाही. आमच्याकडे बायका जवळजवळ नाहीतच. वर्ग पुरुषांनी भरलेला असताना एकट्या बाईने आत पाऊल टाकणं सोपं नाही. आधी मी एका इंग्रजी ग्रुपला गेलो होतो. तिथे सगळे नीट बोलत होते आणि मी नुसता बसून होतो. एका मीटिंगवरून मत बनवू नका, तीन-चार ठिकाणी जाऊन बघा.

ओळखीचं कोणी भेटलं तर? मला आमच्याच सोसायटीतला भेटला. दोघेही दचकलो. आजतागायत आम्ही लिफ्टमध्ये फक्त पाण्याच्या टँकरवर बोलतो.

पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाच्या वेगळ्या मीटिंग असतात. बायको कुरकुरत गेली, आता माझ्यापेक्षा नियमित जाते.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केलं तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात, जीवावरही बेतू शकतं. एएमध्ये औषध नाही, डॉक्टर नाही, भरती करून घेणं नाही. अशा माणसाने आधी डॉक्टर गाठावा, गरज पडली तर व्यसनमुक्ती केंद्र. पुण्यातलं मुक्तांगण 1986 पासून हेच काम करतंय. कुठल्या मेंबरने "गोळ्या कशाला घेतोस" म्हटलं तर मनावर घेऊ नका, ते एएचं धोरण नाही. कुठून सुरुवात करायची हेच कळत नसेल तर 14446 ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो. आणि पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी पोचा, मागचे बाक लवकर भरतात.