टीममधलं भांडण मोजणारं ॲप, दीड महिना वापरून

हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात मॅनेजरनी हे ट्रायलवर आणलं होतं, सहा जणांची टीम. ॲपचं नाव घेत नाही, उगाच कोणाशी वाकडं नको. फोनच्या माइकवरून कोण किती वेळ आणि किती चढ्या आवाजात बोलतंय ते मोजतं (शब्द साठवत नाही म्हणे), ब्लूटूथवरून कोण कोणाजवळ बसतंय ते, आणि दर आठवड्याला टीममधला ताण लाल-पिवळा-हिरवा असा येतो.

आयडिया जुनीच आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या सँडी पेंटलंडनी गळ्यात घालायच्या बॅजनी हे केलेलं, २०१२ च्या त्यांच्या लेखात २१ संस्थांमधल्या अडीचेक हजार लोकांचा डेटा आहे, एका बँकेच्या कॉल सेंटरात अख्ख्या टीमला एकाच वेळी ब्रेक दिला तर कॉल लवकर उरकायला लागले म्हणे. पण त्या बॅजला समोर कोण उभंय ते इन्फ्रारेडनी कळायचं, खिशातल्या फोनला काय दिसणार डोंबल? आमच्याकडे तर पार्टिशनपलीकडचा अकाउंट्सवाला माझा सगळ्यात जवळचा निघाला, त्याच्याशी मी बिलं सोडून वर्षभरात काही बोललेलो नाही.

पहिल्याच आठवड्यात लाल. का, तर आमचा कोल्हापूरचा पोरगा तांबडा रस्सा कुठला भारी यावर दुपारभर बोंबलत होता, त्याचं साधं "काय भावा" पण ॲपला भांडण वाटतं. आणि खरं भांडण कुठं? टेस्टिंगवाली ताई आणि एक सिनियर, तीन आठवडे एकमेकांशी शब्द नाही, ती बग (सॉफ्टवेअरमधली चूक) नोंदवून उघडणार, तो "हा बग नाही" लिहून बंद करणार, एकच बग सात वेळा. ॲप म्हणतंय हिरवं!

एक गोष्ट मात्र मानली, स्टँडअपमध्ये (टीमची रोजची छोटी मीटिंग) कोण किती बोलतं तो चार्ट. मला वाटायचं मॅनेजरच बडबडतो, निघालो मी, एकट्याचे ५८ टक्के. दुसऱ्या दिवशी तोंड बंद ठेवलं तर ताई पहिल्यांदा सलग दोन मिनिटं बोलली आणि तो बगचा विषय तिनंच सगळ्यांसमोर काढला.

बाकी बॅटरी चार वाजता मान टाकते, घरून काम असेल त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या पण मोजतं की काय देव जाणे. संमतीवर सही घेतली, रिपोर्ट निनावी म्हणाले, सहा जणांत कसलं आलंय निनावी, "एक सदस्य फार मोठ्यानं बोलतो" वाचून सगळे कोल्हापूरकडेच बघायला लागले.

पाचपैकी दोन स्टार, दोन्ही त्या चार्टचे.