सोया फायबर पावडर (ओकारा): पिठात घालायला मस्त, शुगरसाठी जपून

5 पैकी 3 स्टार. मला टाइप टू डायबिटीस आहे, गोळ्या चालू आहेत, डब्यावर 'शुगर कंट्रोल' बघून घेतली. आत ओकारा आहे, म्हणजे सोयाबीन भिजवून वाटून दूध गाळून घेतलं की मागे जो चोथा उरतो तो वाळवून दळलेला. माल खोटा नाही हां, कोरड्या चोथ्यात जवळपास निम्मं फायबर असतं, प्रोटीनही बऱ्यापैकी, स्टार्च अगदी नावाला.

पण मागचं लेबल नीट वाचा. एकूण फायबरच्या खाली विरघळणारं किती ते बारीक अक्षरात दिलंय आणि ते फारच थोडं आहे. जेवणानंतरची शुगर पटकन चढू न देण्याचं काम मुख्यतः तेच करतं, पोटात जेलसारखं घट्ट होतं, अन्न सावकाश पुढे सरकतं आणि ग्लुकोज हळूहळू रक्तात उतरतं. ओकारातलं बहुतेक फायबर न विरघळणारं, त्याने पोट साफ होतं, भरल्यासारखं वाटतं, पण जेवणावर चमचाभर भुरभुरून पीपी, म्हणजे जेवणानंतरची शुगर, खाली येईल ही आशा सोडा. मी ग्लुकोमीटरवर बघितलं, वरून टाकली तर ढिम्म फरक नाही, थोडं पीठ काढून त्याच्या जागी घातली तेव्हा आकडा कमी आला, आता कार्ब्जच कमी गेले म्हटल्यावर येणारच की! एन्झाइमने किंवा आंबवून विरघळणारं फायबर वाढवलेला ओकाराही करता येतो, हा तसला नाही.

कच्च्या सोयाचा वास येतो, मंद आचेवर भाजली की बराच जातो. पाणी मात्र राक्षसासारखी पिते, कालवून जरा बाजूला ठेवली की चमचा उभा राहतो, म्हणून पीठ नेहमीपेक्षा सैलच भिजवा. अंगचं तेल असल्याने डबा उघडा राहिला तर खवट होते, फ्रिजमध्येच ठेवा.

सुरुवात अर्ध्या चमच्याने, नाहीतर गॅसने जीव नकोसा होईल, आणि पाणी भरपूर प्या. शुगर बरी आली म्हणून गोळ्या मनाने कमी करू नका, डॉक्टरांना विचारा. सोयाची ॲलर्जी असेल तर लांबच राहा. आणि थायरॉईडची गोळी घेत असाल तर ती आणि ही पावडर यांच्यात चारेक तासांचं अंतर ठेवा, सोया आणि फायबर दोन्हीमुळे ती गोळी नीट शोषली जात नाही, हे डब्यावर कुठेच लिहिलेलं नाही.