खोबरेल तेलाचा साबण आणि आमचं बोअरचं पाणी: आठ महिन्यांनंतर

मागच्या दिवाळीनंतर बचत गटाकडून खोबरेल-एरंडेलाच्या घरगुती साबणाच्या बारा वड्या घेतल्या. आता शेवटची वडी चालू आहे.

पहिला महिनाभर मी साबणालाच नावं ठेवत होते. फेस येईना. मोरीच्या फरशीवर राखाडी साय, मगाला आतून नखाने खरवडून निघेल असा पांढरा थर, आणि केस मेण चोळल्यासारखे. शेवटी पाणी तपासून आणलं. दुष्फेनता, म्हणजे पाण्याचा जडपणा, लिटरला 480 मिलिग्रॅम! भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ती 200 पर्यंत असावी, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालते.

साबण म्हणजे तेलातल्या मेदाम्लांचा सोडियम क्षार. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडियमची जागा बळकावतं, आणि विरघळणाऱ्या साबणाचा चोथा होतो. तीच ती साय. मी हिशेब मांडला: आमच्या पाण्याच्या 15 लिटरच्या बादलीत साबण कालवला, तर सुमारे 35 ग्रॅम नुसता चोथ्यात जाईल. त्याच्यापुढचा साबण मळ काढणार.

मग कुणीतरी सांगितलं म्हणून साबण लावलेल्या डोक्यावर लिंबाचं पाणी ओतलं. केस आणखीच तेलकट झाले! दुसऱ्या दिवशी फिल्टरच्या पाण्यात साबण विरघळवून वर लिंबू पिळून पाहिलं. पाणी ताकासारखं पांढरं झालं, फेस बसला, वर कण तरंगायला लागले. साबण अल्कधर्मी पाण्यातच टिकतो. आम्ल पडलं की त्यातून मेदाम्ल सुटं होतं, ते पाण्यात विरघळत नाही आणि मळही धरत नाही. डिटर्जंटची घडण वेगळी, म्हणून तो दुष्फेन पाण्यातही फेसाळतो. रिठ्याचंही तसंच, त्यातलं सॅपोनिन मेदाम्लांचा क्षार नाही. केसांसाठी मी आता रिठाच वापरते.

अंगासाठी मात्र हाच साबण ठेवणार. थंडीत पिंढऱ्यांवर पांढरे ओरखडे उठायचे, ते यंदा उठले नाहीत. फक्त वडी थेट ओल्या अंगावर फिरवते, बादलीत हात बुडवून फेस काढत नाही, आणि शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घेते. वडी जाळीवर निथळत ठेवावी लागते, नाहीतर लगदा होतो.

आषाढात गच्चीवरच्या पन्हाळीखाली बादली लावली होती. त्या पाण्यात हीच वडी दोनदा हातात फिरवली, तर फेस कोपरापर्यंत आला.