कामाचे कागद तपासून देतो म्हणाला

लेस्टरमध्ये माझं डब्यांचं छोटं स्वयंपाकघर आहे, सहा माणसं कामाला. एका सल्लागाराने मला दीड वर्ष गंडवलं आणि माझ्यामुळे माझ्याकडच्या एका माणसालाही. माझं काय गेलं ते पौंडांत सांगता येतं. त्याचं तसं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

सुरुवात भीतीपासून झाली. ब्रिटनमध्ये कामाचा हक्क नसलेला माणूस कामावर सापडला, तर मालकाला होणारा दंड 13 फेब्रुवारी 2024 पासून माणशी 15,000 पौंडांवरून 45,000 पर्यंत गेला. दुसऱ्यांदा सापडलात तर 60,000. आमच्यासारख्यांना कुलूपच लावायचं. त्याच दिवसांत एका गणपतीच्या तयारीच्या बैठकीत हा गृहस्थ भेटला. अस्खलित मराठी, हातात जाड फाईल. "ताई, तुम्ही डबे बघा, कागदांचं माझ्यावर सोडा." वर्षाला 480 पौंड आणि सगळ्यांची ‘राइट टू वर्क’ तपासणी तो करणार. आपला माणूस म्हटल्यावर मी खोलात शिरलेच नाही.

महिनाभरात सहा पीडीएफ आल्या. वर नाव, मधे मोठी हिरवी टिक, खाली त्याच्या कंपनीचा शिक्का. मी छापून घेतल्या, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातल्या आणि फ्रीजवरच्या कप्प्यात ठेवून दिल्या. रात्री झोप लागायला लागली.

माझ्याकडे सुदानचा एक माणूस आहे. युद्धातून निसटून आलेला, निर्वासित म्हणून दर्जा मिळालेला. पहिल्याच दिवशी त्याने कोपऱ्यातलं पोतं उघडून चिमूटभर पीठ बोटांत चोळलं आणि हसला. ज्वारी! त्यांच्याकडे ती आंबवून पातळ किस्रा करतात. तेव्हापासून भाकऱ्या त्याच्याकडे. आमच्या सल्लागाराने मला सुचवलं होतं, "निर्वासित माणसं ठेवू नका, ताई, झंझट असते." हे साफ खोटं. दर्जा मिळालेल्या निर्वासिताला इथे कुठलंही काम करता येतं, तासांचीही अट नाही. अडचण असते ती आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेल्यांची. त्यांना बारा महिने थांबून परवानगी मागावी लागते आणि तीही ठरावीक कामांपुरतीच मिळते. पण याने एकीकडे मला घाबरवलं आणि दुसरीकडे, माझ्याच स्वयंपाकघरात ‘ऑडिट’ला येऊन, त्याच माणसाला गिऱ्हाईक केलं. ओळख मी करून दिली होती. चहासुद्धा मीच दिला होता.

भांडं फुटलं ते ऑक्टोबर 2025 मध्ये. विद्यार्थी व्हिसावरची एक मुलगी अर्धवेळ कामाला यायची होती. तिने नुसता नऊ अक्षरांचा शेअर कोड, म्हणजे आपला व्हिसा दुसऱ्याला ऑनलाइन दाखवायचा सरकारी कोड, पाठवला आणि म्हणाली, "आंटी, तुम्हीच बघा ना, दोन मिनिटांचं काम आहे." सल्लागार फोन उचलत नव्हता, म्हणून मी पहिल्यांदाच सरकारी साइटवरचं मालकांसाठीचं पान उघडलं. कोड टाकला, तिची जन्मतारीख टाकली, आणि समोर तिचा फोटो, किती तास काम करता येईल आणि कधीपर्यंत, सगळं हजर. एक पैसाही लागला नाही. ते पान जतन करायचं, नोकरी असेपर्यंत आणि सुटल्यावर आणखी दोन वर्षं ठेवायचं. विद्यार्थी असेल तर कॉलेजच्या सत्रांच्या आणि सुट्ट्यांच्या तारखांचा कागदही, झालं. इतकीच ती तपासणी! मी तर असल्या तपासणीसाठी दोन वर्षांचे 960 मोजले होते.

मग फ्रीजवरचं फोल्डर काढलं. एकाही कागदावर फोटो नव्हता. कामासाठीचा कोड डब्ल्यूने सुरू होतो, माझ्या कागदांवरचे एसने सुरू होत होते, म्हणजे भलत्याच कामाचे. ते खरे असते तरी उपयोग नव्हता, कारण परदेशी नागरिकाची ऑनलाइन तपासणी मालकाच्या वतीने असा बाहेरचा माणूस करू शकत नाही. प्रमाणित कंपन्यांकडून करून घेता येते ती ब्रिटिश आणि आयरिश पासपोर्टांची. कामगाराने स्वतःच्या फोनवर दाखवलेलं पानही चालत नाही, आपल्या बाजूने कोड टाकूनच बघावं लागतं. माझी सहाही माणसं खरी निघाली म्हणून दंडातून वाचले. त्यात माझी हुशारी शून्य.

त्याच दुपारी सुदानच्या माणसाकडे कोड मागितला. तो गोंधळला. "साहेब करून देतायत, मॅडम." मग एकेक बाहेर आलं. त्याच्या बीआरपी कार्डावर, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याच्या कार्डावर, 31 डिसेंबर 2024 ही तारीख होती. ती जवळजवळ सगळ्यांच्याच कार्डांवर होती, कारण सरकारला कार्डं बंद करून ऑनलाइन ई-व्हिसा आणायचा होता. दर्जा पाच वर्षांचा, 2028 पर्यंतचा, मुळीच संपलेला नव्हता. ऑनलाइन खातं उघडायचं होतं, तेही फुकट. सल्लागाराने त्याला सांगितलं, कार्ड संपलं म्हणजे हक्क संपला, नूतनीकरणाचे 350 पौंड. माझ्याकडे काम करणारा माणूस दहा महिने धास्तीत भाकऱ्या थापत होता आणि मला वाटत होतं, हा अबोलच आहे.

आणि मग कुटुंबाचं. बायको आणि दोन मुलं कैरोत. निर्वासितांना नवरा-बायको आणि अठराच्या आतली मुलं आणता येत होती, अर्जाला शुल्क नाही, उत्पन्नाची अट नाही, इंग्रजीची परीक्षा नाही. या फुकटच्या अर्जाचे सल्लागाराने 1,100 घेतले, रोख. पावतीवर त्याच्या स्वतःच्या कंपनीचा नंबर. व्हिसा देणाऱ्या होम ऑफिसकडून एक ईमेल नाही, बोटांचे ठसे द्यायला कैरोत कुणाला बोलावणं नाही. हे विचारायला हवं होतं, असं आज म्हणणं सोपं आहे.

4 सप्टेंबर 2025 ला दुपारी तीन वाजता सरकारने ही वाट नव्या अर्जांसाठी थांबवली. आमचा सल्लागार शेवटी फोनवर सापडला तेव्हा त्याने हेच पुढे केलं. "ताई, सरकारनेच बंद केलं, त्याला मी काय करू?" ऐकायला पटण्यासारखं. पण त्या वेळेआधी पोचलेले अर्ज जुन्याच नियमांनी तपासले जाणार होते. मी विचारलं, "अर्ज कुठल्या तारखेला केलास?" फोन कट.

आता उरलेला मार्ग बाकीच्यांचाच, नेहमीचा कुटुंब व्हिसा. त्याला वर्षाचं 29,000 उत्पन्न लागतं. 2025 च्या 12.21 पौंडांच्या किमान वेतनावर आठवड्याला चाळीस तास राबलं तरी वर्षाचे साडेपंचवीस हजारही होत नव्हते. वर तेव्हा माणशी 1,938 शुल्क आणि आरोग्य अधिभार वेगळा. मी पगार वाढवते म्हटलं, पण माझ्या डब्यांच्या धंद्यात ते कितपत झेपेल, हे त्यालाही दिसतं.

आमच्या सल्लागाराचं नाव सल्लागारांच्या सरकारी यादीत नव्हतं. नोंदणीशिवाय असा सल्ला देणं इथे गुन्हा आहे. ही यादी इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीच्या साइटवर कुणालाही बघता येते. मी विचारलं होतं एकदा, नाही असं नाही. तेव्हा तो म्हणाला, "त्या ऑफिसचं नाव बदललंय, यादी अजून नीट झालेली नाही." नाव खरंच जानेवारी 2025 मध्ये बदललं होतं, म्हणून मी गप्प बसले. अर्धं खरं बोलणारा माणूस पकडायला जड जातो. आता त्याच अथॉरिटीकडे तक्रार केली आहे, पोलिसांकडेही. मी बँकेतून पैसे पाठवले होते, तो दावा चालू आहे. रोखीचा पुरावा म्हणजे ती एक पावती.

ती सुदानच्या माणसाने पिठाच्या डब्यामागे खिळ्याला लावून ठेवली आहे. तारीख 22 मे. तिथून 4 सप्टेंबरपर्यंत 105 दिवस होतात. हा हिशोब मी केलेला नाही, पावतीच्या मागे पेन्सिलने त्याने लिहिलाय.