एक्स (जुनं ट्विटर) लिस्ट लावून वापरतोय, कामाला येतं का? सोलापूरहून अनुभव

मी काही इन्फ्लुएन्सर वगैरे नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसचं बघतो, सूत खरेदी, डिस्पॅच, बँकेची कामं, जे पडेल ते. अकाउंट जुनं आहे, 140 अक्षरांच्या जमान्यातलं (280 झाली 2017 ला), पण इतकी वर्षं त्याचा उपयोग काय तर मॅचच्या वेळी स्कोअर आणि मीम. गेल्या पावसाळ्यापासून मात्र रोज कामासाठी वापरतोय आणि फरक पडला तो एकाच गोष्टीने, लिस्ट, म्हणजे आपण निवडलेल्या अकाउंटच्याच पोस्ट वेगळ्या दाखवणारी यादी. 2009 पासून आहे बे हे फीचर, आणि आमच्या कारखानदारांच्या ग्रुपमध्ये विचारलं तर एकालाही माहीत नाही.

ॲप उघडलं की समोर येतं ते ‘फॉर यू’. तिथे तुम्ही काय मागितलं ते येत नाही, तुम्ही कशावर थांबता ते येतं. एका भांडणावर अर्धा मिनिट थांबा, लगेच तसलीच भांडणं रांगेने हजर. शेजारच्या ‘फॉलोइंग’मध्ये जरा बरं, पण तिथेही क्रम रीसेंटवर (नवीन पोस्ट आधी) आहे का बघून घ्या. लिस्टमध्ये मात्र तुम्ही टाकलेलीच माणसं बोलतात. आणि लिस्टमध्ये टाकायला फॉलो करावं लागत नाही, हे लक्षात आल्यावर मी फॉलोइंग निम्म्याहून जास्त छाटलं. प्रायव्हेट लिस्ट करा, कारण पब्लिक लिस्टमध्ये कुणाला घेतलं की त्याला नोटिफिकेशन जातं, आणि समोरच्या कारखानदाराला आपण त्याच्यावर डोळा ठेवून आहोत हे कशाला कळवायचं. नंतर ती होमवर पिन करून टाकायची, पाचपर्यंत पिन होतात, तेवढ्या रग्गड झाल्या.

माझी धंद्याची लिस्ट म्हणजे वस्त्रोद्योग मंत्रालय, पीआयबी (केंद्र सरकारचं बातम्या देणारं खातं), कस्टमवाले, परकीय व्यापारवाले आणि कापसाच्या बातम्या देणारे पत्रकार, बस. 2025 च्या ऑगस्टात तिची किंमत कळली. एकीकडे अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के टॅरिफ लावायचं ठरवलेलं, 27 ऑगस्टपासून, आणि टॉवेलवाल्यांच्या पोटात गोळा आलेला. त्यातच 19 तारखेपासून कापसावरची 11 टक्के आयात ड्युटी काढली. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड सुरू, ‘ड्युटी कायमची गेली, सूत पडणार, खरेदी थांबवा’. आमचे मालकपण थांबवा म्हणाले. मी लिस्ट उघडली तर सरकारी अधिसूचनेचा फोटोच होता, त्यात स्पष्ट, 30 सप्टेंबरपर्यंत. म्हणजे बाहेरचा कापूस जहाजात भरून इथे उतरेपर्यंत मुदत संपायची वेळ, त्याने आमच्या सुतावर लगेच काय फरक पडणार? मालकांना तोच फोटो दाखवला, हातातल्या ऑर्डरपुरतं सूत घेतलं. पुढे महिनाअखेरीला मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली, तेही लिस्टमध्येच आधी दिसलं, मग गणित परत मांडलं. त्याच आठवड्यात फॉर यूवर काय चाललं होतं म्हणाल तर ट्रम्प बरोबर की चूक.

दुसरी लिस्ट पाणी, पाऊस आणि रेल्वेची. हवामान खातं, रेल्वेचा सोलापूर विभाग, जिल्ह्यातले पत्रकार, आणि उजनी धरणाचे आकडे टाकणारे दोन-तीन जण. उजनीवरून उन्हाळ्यात कायम एक गंमत होते. एक जण टाकतो ‘उजनी शून्यावर’, दुसरा टाकतो ‘उजनीत 63 टीएमसी पाणी’, आणि खाली लोक एकमेकाला खोटारडा म्हणतात. दोघं बरोबर असतात हो. धरणाची एकूण साठवण 117 टीएमसीच्या आसपास, त्यातला जवळपास 63 मृतसाठा, म्हणजे तळाचं राखीव पाणी, टक्केवारी फक्त वरच्या उपयुक्त साठ्याची काढतात. म्हणून शून्य टक्के म्हणजे कोरडं नाही आणि म्हणूनच उजनी मायनसमध्येपण जाते. हे मी एका भांडणाखाली चार ओळीत लिहिलं, तर माझ्या आजवरच्या कुठल्याच पोस्टला नाही इतकी माणसं तिथे आली, माढ्याकडचा एक ऊसवाला कालव्याच्या पाळीबद्दल नीट माहिती द्यायला लागला, तो आता लिस्टमध्ये आहे. तेव्हापासून स्वतःच्या पोस्ट जवळजवळ बंद, माहिती असलेल्या ठिकाणी रिप्लाय देतो फक्त. फॉलोअर कमी असतील तर आपली पोस्ट भिंतीलाच ऐकू जाते, रिप्लाय निदान चालू गप्पांमध्ये पडतो.

सर्चवर जास्त लिहायला पाहिजे पण थोडक्यात सांगतो. ब्राउझरमध्ये ॲडव्हान्स्ड सर्चचं पान आहे, तिथे अकाउंटचं नाव, शब्द आणि तारखा टाकल्या की मागच्या वर्षी त्या खात्याने काय सांगितलं होतं ते निघतं. मराठीत एक अडचण, विभक्ती लागली की शब्द निसटतो. उजनी शोधताना उजनीत, उजनीचं, उजनीतून असं सगळं वेगवेगळं टाकून बघायचं. म्यूटचंही तेच, म्हणजे नको तो शब्द असलेल्या पोस्ट लपवायची सोय, ‘निवडणूक’ म्यूट करून खूश होऊ नका, ‘निवडणुकीत’ आरामात आत येतं. मी चारपाच रूपं आणि इंग्रजी स्पेलिंग सगळं म्यूटमध्ये भरून ठेवलंय, इलेक्शनच्या दिवसात जीव वाचतो.

तक्रारीसाठी उपयोग होतो का? होतो, पण जपून. सॅम्पलचं पार्सल एका कुरिअरवाल्याकडे अडकलं होतं, फोन कोणी उचलेना, म्हणून त्यांना टॅग करून लिहिलं. दहा मिनिटांत ‘कस्टमर केअर’ नावाचे दोन रिप्लाय, नंबर द्या, लिंक उघडा, पाच रुपये भरा. दोन्ही बनावट. खरं अकाउंट संध्याकाळी आलं आणि डीएममध्ये (खाजगी मेसेजमध्ये) डॉकेट नंबर, म्हणजे पार्सलचा नंबर, मागितला, पार्सल हललं. तेव्हा डॉकेट, पीएनआर, मोबाईल यातलं काहीही उघड्यावर टाकायचं नाही. निळी टिक बघून तर अजिबात विश्वास नको, 2022 च्या शेवटापासून ती पैसे भरून मिळते. सरकारी खात्याला करडी टिक असते, ती बघा.

एक्सचं प्रीमियम, म्हणजे पैसे भरून मिळणारं, घ्यावं का असं बरेच जण विचारतात. मी घेतलेलं नाही. एका स्क्रीनवर चार-पाच लिस्टचे कॉलम लावायची सोय पूर्वी ट्वीटडेकमध्ये फुकट होती, 2023 पासून ती पैसेवाल्यांना. ज्यांचं दिवसभर बातम्यांवरच काम आहे त्यांनी विचार करावा, मला सकाळी चहासोबत एकदा आणि दुपारी जेवणानंतर एकदा लिस्ट चाळली की पुरतं. एक्ससारखंच दुसरं, मॅस्टोडॉनपण बघितलं मध्ये, 500 अक्षरं, मागे अल्गोरिदम नाही, क्रमाने सगळं दिसतं, डोक्याला शांत. पण तिथे आपली सरकारी खाती, आपले पत्रकार, आपला ऊसवाला कोणीच नाही, मग शांतता घेऊन करू काय.

कांद्याचा भाव हवा असेल तर मात्र इथे येऊ नका. मार्केट यार्डातला लिलाव सुटला की आधी व्हॉट्सॲपलाच येतो, एक्सवर येईपर्यंत गाडी रिकामी होऊन गावाला लागलेली असते. तिसरी लिस्ट खाण्यापिण्याची आणि टवाळकीची आहे, तिचा धंद्याला शून्य उपयोग, ती रविवारी उघडतो.