लुआ ५.४: सी प्लस प्लसच्या प्रोग्रॅममध्ये बसवून दोन वर्षं वापरली, त्याचा रिव्ह्यू

आमचा डेटा तपासणारा प्रोग्रॅम सी प्लस प्लसमध्ये आहे आणि तपासणीचे नियम सारखे बदलतात, आज ही अट उद्या ती, प्रत्येक वेळी अख्खं बिल्ड करून परत सगळीकडे टाकायचं म्हणजे जीव जायचा. म्हणून ठरवलं की नियम स्क्रिप्टमध्ये लिहायचे आणि त्या चालवणारा इंटरप्रिटर प्रोग्रॅमच्या पोटातच ठेवायचा. आधी पायथन लावून बघितलं, मग लुआ या छोट्या स्क्रिप्टिंग भाषेवर आलो आणि तिथेच राहिलो.

पायथनला नावं ठेवत नाहीये, रोज वापरतो. पण सीपायथन (पायथनचा नेहमीचा इंटरप्रिटर) आत घेणं म्हणजे एका पाहुण्याला बोलवावं आणि त्याने अख्खं बिऱ्हाड घेऊन यावं तसं होतं. स्टँडर्ड लायब्ररी सोबत द्या, ती त्याला सापडली नाही तर गडी सुरूच होत नाही, रेफरन्स काउंट (एखादा ऑब्जेक्ट किती ठिकाणी वापरात आहे याचा हिशोब) आपण सांभाळा, वर जीआयएल, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एकाला) पायथन चालवू देणारं कुलूप, आहेच. ३.१२ पासून एकाच प्रोग्रॅममधल्या प्रत्येक सबइंटरप्रिटरला (वेगळ्या उप-इंटरप्रिटरला) स्वतःचा जीआयएल देता येतो, पण सी मधली मॉड्यूल्स पण त्याला तयार हवीत ना. नमपाय (आकडेमोडीची पायथन लायब्ररी) वगैरे हवंच असेल तर मात्र हे सगळं सोसून पायथनच घ्या, तिथे लुआचा उपयोग नाही.

लुआ मुळात दुसऱ्याच्या घरात राहायला म्हणूनच बनवलीये. १९९३ मध्ये ब्राझीलमधल्या रिओच्या पीयूसी विद्यापीठात तिघांनी मिळून बनवली, आणि हा हेतू जागोजागी दिसतो. सगळा सोर्स साधारण ३०,००० ओळींचा, साधं सी, तो आपल्या प्रोजेक्टमध्ये टाकला आणि कंपाइल केला, संपलं. लायसन्स एमआयटी. ग्लोबल व्हेरिएबल असा प्रकारच नाही, सगळं एका स्टेटमध्ये (इंटरप्रिटरची सगळी माहिती जिथे राहते तिथे), त्यामुळे मी प्रत्येक थ्रेडला वेगळा स्टेट दिलाय आणि कोणी कोणासाठी थांबत नाही. रेडिस या डेटाबेसच्या पोटात पण लुआच आहे, ते उगाच नाही.

आता स्टॅक, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या गोष्टींची चळत. लुआ आणि सी प्लस प्लस या दोन्ही भाषांमधली सगळी देवाणघेवाण एका स्टॅकवरून होते, फंक्शन ठेवा, आर्ग्युमेंट ठेवा, पीकॉल करा (म्हणजे ते फंक्शन चालवा, एरर आली तर पकडा), उत्तर उचला. कल्पना एकदम स्वच्छ आहे, पण उचललेलं काढून टाकायला विसरलात तर कोणी सांगत नाही! माझ्याकडून एका लूपमध्ये एक पॉप (वरची वस्तू काढून टाकणं) राहिला होता. लुआ फक्त २० जागांची हमी देते, पुढच्या जागा चेकस्टॅक करून आपण मागायच्या. छोट्या फाइलवर सगळं ठीक चालायचं आणि मोठ्या फाइलवर भलत्याच ठिकाणी क्रॅश, तीन दिवस मी माझ्या फाइल वाचायच्या कोडवर संशय घेत बसलो. शेवटी एपीआय चेकचा मॅक्रो (लुआला आपले चुकीचे कॉल पकडायला लावणारं कंपाइलच्या वेळचं सेटिंग) ऑन करून बिल्ड केलं तेव्हा बरोबर त्या ओळीवर थांबलं. तो मॅक्रो पहिल्या दिवसापासून ऑन ठेवा, एवढं एक तरी ऐका माझं.

दुसरी गोष्ट याहून वाईट, कारण ती दिसतच नाही. लुआ सी म्हणून कंपाइल केली की एरर आल्यावर ती लाँगजंप मारते, म्हणजे मधली सगळी फंक्शनं ओलांडून थेट मागे उडी घेते, आणि मध्ये तुमचे सी प्लस प्लसचे ऑब्जेक्ट असतील तर त्यांचे डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट संपताना आवराआवर करणारी फंक्शनं) चालतील याचा भरवसा नाही. आमच्यात एक म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) असाच लॉक राहिला होता, प्रोग्रॅम नुसता गप्प. उपाय सोपा आहे, लुआचा सोर्सच सी प्लस प्लस म्हणून कंपाइल करायचा, मग ती सी प्लस प्लसची एक्सेप्शन वापरते आणि डिस्ट्रक्टर चालतात. सोल२ ही लुआ आणि सी प्लस प्लस जोडणारी लायब्ररी लावली की स्टॅकची कटकट पण बरीच कमी होते, फक्त कंपाइल व्हायला वेळ जास्त लागतो.

स्क्रिप्ट बाहेरच्या लोकांकडून येत असतील तर लायब्रऱ्या सरसकट उघडू नका. आम्ही स्ट्रिंग, टेबल, मॅथ एवढंच दिलंय, आयओ आणि ओएस नाही, आणि बेस लायब्ररीमधून डूफाइल, लोडफाइल आणि लोड ही बाहेरचा कोड आत आणणारी फंक्शनं काढून टाकलीत कारण लोड बायटकोड (आधीच कंपाइल केलेला कोड) पण स्वीकारतं आणि वाकडा बायटकोड इंटरप्रिटर पाडू शकतो. अनंत लूपसाठी काउंट हुक (ठरावीक सूचना झाल्या की आपलं फंक्शन बोलावण्याची सोय), मेमरीसाठी स्वतःचा अलोकेटर (मेमरी देणारं फंक्शन), दोन्ही सोय आतच आहे आणि दोन्ही मिळून माझा कोड शंभर ओळीसुद्धा नाही. पण हुक सी फंक्शन चालू असताना मध्ये पडत नाही, म्हणजे एखादा विचित्र पॅटर्न देऊन स्ट्रिंग.फाइंडमध्ये कोणी अडकवलं तर हुक काही करणार नाही. त्यासाठी आम्ही असली स्क्रिप्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतो.

इंडेक्स १ पासून सुरू होतो यावर लोक फार भांडतात, मला आठवड्यात सवय झाली. नियम लिहिणारी आमची टीम प्रोग्रॅमर नाहीये, त्यांना तर तेच बरोबर वाटतं. आता ते स्वतः फाइल बदलतात, प्रोग्रॅम चालू असतानाच नवीन नियम लागू होतो, चुकलं तर ओळ क्रमांकासकट एरर त्यांच्याच स्क्रीनवर येते आणि मला फोन येत नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो त्या न दिसणाऱ्या लाँगजंपसाठी.